कागदी विमानं उडवून पोरांना उड्डाण शिकवायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या छतावर दर रविवारी सकाळी दहा-बारा पोरं जमतात आणि आम्ही कागदी विमानं उडवतो. मी फिजिक्स शिकवायचे, आता रिटायर झालेय, पण खाज जात नाही. पोरांचे आईबाबा व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. ग्वाल्हेरात नसाल तरी चालेल, छत आणि रद्दी कागद सगळीकडे असतातच.

उडणाऱ्या विमानावरची चार बलं कुठली, आणि पोरांना ती कोणत्या शब्दांत सांगायची?

खाली ओढणारं, वर उचलणारं, पुढे ढकलणारं आणि मागून अडवणारं. बस. आठ वर्षांच्या पोराला एवढंच सांगा आणि हातानं दिशा दाखवा. वजन, लिफ्ट, थ्रस्ट, ड्रॅग ही नावं नंतर आपोआप चिकटतात, टीव्हीवर वगैरे ऐकलेलीच असतात. एक घोटाळा मात्र आधीच सांगून ठेवते. हिंदी मीडियमच्या पोरांना नववीच्या पुस्तकात 'प्रणोद' भेटतो आणि थ्रस्टलाही हिंदीत प्रणोदच म्हणतात, पण पुस्तकातला प्रणोद म्हणजे पृष्ठभागावर लंब लागणारं बल, तिथून पुढे दाबाचा धडा सुरू होतो, विमानाचा नाही. पोरगं गोंधळलं तर त्याला मूर्खात काढू नका, शब्दच दोन कामांना जुंपलाय.

हातातून सुटल्यावर विमानाला पुढे कोण ढकलतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आणि मोठ्या माणसांपैकी निम्मे तरी याचं उत्तर चुकतात. 'हाताचा जोर त्याच्यात शिल्लक असतो ना' असं म्हणतात. हात सुटला की हाताचं बल संपलं. उरतो तो वेग, आणि तो वेग हवा लगेच खायला लागते. मग विमान चार-पाच मीटर तसंच सुळकन जातं ते कशाच्या जोरावर?

वजनाच्या. ज्याला आपण इतका वेळ शत्रू समजत होतो तेच याचं इंजिन.

पोरांना मी किल्ल्याचं उदाहरण देते. उरवाई गेटच्या उतारावरून सायकलनं पॅडल न मारता खाली आलात तर सायकलला कोण ढकलतं? कुणीच नाही, उतार आहे आणि तुमचं वजन आहे. कागदी विमान तसंच हवेतल्या एका न दिसणाऱ्या उतारावरून घरंगळत येतं, फक्त त्याचा उतार इतका सौम्य असतो की आपल्याला ते सरळ चाललंय असं वाटतं. बाजूनं बघा. पोरांना दोन टोकांना खाली बसवा आणि मधून कुणाला तरी विमान हळूच सोडायला सांगा, पहिल्या सेकंदापासून ते खाली येतंय हे लख्ख दिसतं. उंची खर्च करायची आणि त्या बदल्यात वेग विकत घ्यायचा, एवढाच व्यवहार चाललेला असतो. उंची संपली की दुकान बंद.

मोजायचं असेल तर टेप घ्या. आमच्या छतावर एका पोरानं १.२ मीटर उंचीवरून, अजिबात जोर न लावता, नुसतं पुढे सरकवल्यासारखं सोडलं आणि ते ४.८ मीटरवर पडलं, म्हणजे उंचीच्या चौपट. ही चौपट म्हणजेच त्या विमानाची लिफ्ट भागिले ड्रॅग. पाचवीतल्या पोरानं टेप आणि भागाकार वापरून जे काढलं ते खऱ्या ग्लायडरचे पायलट पण काढतात, त्यांचा आकडा फक्त कितीतरी मोठा असतो.

पंखाच्या वरून हवेला लांबचा रस्ता असतो म्हणून ती जोरात पळते आणि त्यामुळे विमान उचललं जातं, बरोबर ना?

नाही. आणि हे मीच कित्येक वर्षं शिकवलंय, तेव्हा माझ्यावरच हसून घ्या आधी. गोष्ट अशी सांगतात की पंखापाशी हवा दोन भागांत फुटते, वरच्या हवेला फुगीर भागामुळे जास्त अंतर कापायचं असतं आणि मागच्या कडेला खालच्या हवेला गाठायचं असतं, म्हणून ती धावते. मी फळ्यावर हे काढत होते आणि सातवीतली एक मुलगी म्हणाली, "पण बाई, दोघींनी एकदमच पोचायचं असं कुणी ठरवलंय?" माझा खडू तिथेच थांबला. खरंच, कुणी ठरवलंय? कुणीच नाही. उलट प्रयोगात दिसतं की वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागे पोचते, ती कुणाची वाट बघत नाही. वरची हवा जोरात जाते हे खरंय आणि तिथे दाब कमी असतो हेही खरंय, पण 'गाठायचंय म्हणून धावते' हे कारण बनवलेलं आहे.

आणि आपल्या कागदी विमानाचा पंख तर सपाट असतो, वरून फुगीर नाहीच. त्या गोष्टीप्रमाणे ते उडायलाच नको. उडतं की!

सपाट पंख जरा नाक वर करून हवेत सरकतो आणि हवेला खाली वळवतो. पंखानं हवेला खाली ढकललं की हवा पंखाला वर ढकलते, न्यूटनचा तिसरा नियम. पोरांना एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही.

तोंडापुढे कागदाची पट्टी धरून वरून फुंकर मारायची आणि पट्टी वर उचलली जाते, तो प्रयोग जरूर करा, मजा येते. फक्त लगेच दुसरा पण करा: तीच पट्टी सरळ खाली लोंबती धरा आणि एकाच बाजूनं फुंका. फुंकरीकडे ओढली जात नाही. म्हणजे 'हवा जोरात गेली की दाब कमी' एवढंच खरं असतं तर इथेही ओढली जायला हवी होती. पहिल्या वेळी पट्टी वाकलेली असते आणि फुंकर त्या वाकाला धरून वळते, खरी गंमत त्या वळण्यात आहे.

मग लिफ्ट हाताला जाणवून कशी द्यायची?

स्कूटीवर मागे बसलेल्या पोराला हाताचा पंजा सपाट करून बाहेर धरायला सांगा (रिकाम्या रस्त्यावर, हळू, बाड्यावरच्या बाजाराच्या गर्दीत नको!). पंजा आडवा सरळ धरला तर हात तिथेच राहतो, पुढची, अंगठ्याकडची बाजू जराशी वर केली की हात वर उचलला जातो आणि थोडा मागेही रेटला जातो. फार उभा केला की नुसता मागेच. या एका मिनिटात लिफ्ट, ड्रॅग आणि स्टॉल (म्हणजे हवेनं पंखाची साथ सोडणं) तिन्ही झाले. मी फळ्यावर अर्धा तास घालवायचे यासाठी.

ड्रॅगसाठी काही सोपं?

एकाच कॉपीचे दोन कागद घ्या. एक तसाच आडवा धरा, दुसऱ्याचा बोळा करा, एकदम सोडा. बोळा आधी पडतो. वजन तर दोघांचं सारखंच. मग सपाट कागद एका जाड पुस्तकावर ठेवा, पुस्तकापेक्षा लहान हवा, बाहेर आलेला नको, आणि पुस्तक सोडा. कागद पुस्तकाबरोबरच खाली येतो. पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं होतं, दोन्ही बरोबर पडले, तिथे अडवायला हवाच नाही. तो व्हिडिओ याच्यानंतर दाखवा, आधी नको.

कागद कुठला घ्यायचा?

फोटोकॉपीचा ए-फोर. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) असेल तर एका कागदाचं वजन बरोबर ५ ग्रॅम, कारण ए-फोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. हा हिशोब पोरांकडूनच करून घ्या. एका बाजूनं छापलेला रद्दी कागद चालतो. पेपरचं पान लुळं असतं, पंख लोंबकळतात, आणि कॅलेंडरचं गुळगुळीत पान जड पडतं, घडीही नीट बसत नाही. पावसाळ्यात कागद ओलसर होऊन मऊ पडतो तेव्हा गठ्ठा कपाटात ठेवा.

घडी कशी घालायची? माझं पहिल्याच फेकीला पडतं.

साधा डार्ट करा, बाकी फॅन्सी नंतर. कागद उभा मधोमध दुमडून उघडा. वरचे दोन कोपरे मधल्या रेषेपर्यंत आणा. तयार झालेल्या दोन तिरप्या कडा परत मधल्या रेषेपर्यंत आणा. आता घड्या बाहेर राहतील असं मधोमध मिटवा आणि दोन्ही पंख खाली दुमडा, धरायला बोटभर पोट सोडून.

नव्वद टक्के भांडण घडीच्या नीटपणाचं असतं. नखानं किंवा पट्टीच्या कडेनं प्रत्येक घडी दाबा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर विमान वळणारच आणि मग पोरगं म्हणतं 'मला येत नाही'. येतं रे, घडी तिरकी झालीये.

नाकावर जेम क्लिप का लावायची? वजन वाढलं तर लवकर पडेल ना?

इथे थांबून नीट बघा, कारण अख्ख्या विमानविद्येतली एक मोठी गोष्ट या क्लिपमध्ये आहे.

एक सपाट कागद नुसता फेकून बघा. फडफडतो, गिरक्या घेतो, पायाशी पडतो. आता त्याची पुढची कड चार-पाच वेळा दुमडा, अर्धा-अर्धा इंच, आणि परत सोडा. सरळ जातो! वजन एक मिलिग्रॅमही वाढलं नाही, फक्त पुढे सरकलं. वजनाचा मध्य, म्हणजे बोटावर विमान जिथे तोललं जातं ती जागा, लिफ्टच्या मध्याच्या पुढे असेल तर नाक चुकून वर गेलं की मागचा पंख त्याला परत खाली आणतो. मागे असेल तर उलटं, नाक जरा वर गेलं की अजून वर, मग कोलांटी.

पोरांना विमान एका बोटावर तोलायला लावा आणि तिथे पेननं टिंब काढा. मग क्लिप नाकावर, मध्ये आणि शेपटीकडे, अशी तीन वेळा लावून प्रत्येक वेळी टिंब कुठे सरकतं आणि विमान काय करतं ते लिहायला लावा. शेपटीकडे लावल्यावर ते असं काही विचित्र गुलांटी मारतं की पोरं तेच परत परत करतात, करू द्या. जास्तीच्या वजनानं विमान जरा वेगात येतं हे खरं, पण ते सरळ येतं, आणि गिरक्या खात पडण्यापेक्षा ते बरं.

विमान गोता मारतं, किंवा वर जाऊन थबकतं, किंवा एका बाजूला वळतं. काय करू?

गोता मारत असेल तर दोन्ही पंखांची मागची कड दोन मिलिमीटर वर वाकवा. दोनच, पोरं अर्धा इंच वाकवतात. त्यामुळे मागची बाजू खाली दाबली जाते आणि नाक वर येतं.

वर जाऊन थबकत असेल आणि मग नाकावर आपटत असेल तर ती वाकवलेली कड जरा सरळ करा किंवा क्लिप लावा. याला स्टॉल म्हणतात: नाक इतकं वर गेलं की हवेनं पंखाची साथ सोडली.

डावीकडे वळत असेल तर उजव्या पंखाची मागची कड जरा वर. त्या पंखाची लिफ्ट कमी होते, तो खाली जातो, विमान उजवीकडे येतं. उजवीकडे वळत असेल तर उलट.

एका वेळी एकच बदल. हा नियम मी पोरांना अगदी खडसावून सांगते, कारण तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि विमान सुधारलं तर कशानं सुधारलं हे देवाला माहीत. आणि फेक तीच ठेवा. वेग दुप्पट झाला की लिफ्ट चौपट होते, म्हणून हळू फेकल्यावर छान तरंगणारं विमान जोरात फेकलं की वर उसळून लूप मारतं. विमान बिघडलेलं नसतं, तुम्ही वेग बदललेला असतो.

पंख वर उचललेले, म्हणजे समोरून इंग्रजी वायसारखे, का ठेवायचे?

विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरायला लागतं, मग खाली गेलेल्या पंखाला हवा जास्त कोनातून भेटते, त्याची लिफ्ट वाढते आणि तो परत वर येतो. पंख खाली झुकलेले असतील तर नेमकं उलट होतं. करून बघा, ३० सेकंदांचं काम आहे.

आमच्या डोक्यावरून जाणारं मिराज पण त्रिकोणीच का दिसतं?

हा प्रश्न ग्वाल्हेरच्याच पोरांचा, आणि किती नशीबवान आहेत ती. महाराजपुऱ्याच्या एअरबेसवर १९८५ पासून मिराज २००० ही लढाऊ विमानं आहेत, सकाळी एखादं गेलं की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि माझा क्लास पाच मिनिटं संपतो. आता मी त्याचाच धडा करते.

आपला डार्ट आणि मिराज, दोघांचे पंख त्रिकोणी, म्हणजे डेल्टा. दोघांनाही मागे वेगळी आडवी शेपटी नाही. मिराजच्या पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या झडपा असतात, दोन्ही एकदम वर केल्या की नाक वर, एक वर एक खाली केली की विमान कलतं. आत्ता आपण बोटानं जी दोन मिलिमीटर कड वाकवली तीच ही. एका पोरानं हे ऐकलं आणि आपल्या विमानाकडे असं बघितलं की जणू आत्ताच त्याला कॉकपिटची चावी मिळाली.

फरक कुठे? इंजिन. पण इथेही एक मजा आहे. पूर्ण भरलेलं मिराज १७ टनांपर्यंत असतं आणि त्याच्या इंजिनाचा जास्तीत जास्त रेटा, जास्तीचं इंधन जाळणारा आफ्टरबर्नर पेटवून, १० टनांपेक्षा थोडा कमीच. म्हणजे इंजिन त्याला उचलून धरूच शकत नाही! इंजिन फक्त पुढे पळवतं, उचलायचं काम पंखांचं. हे पोरांना सांगायच्या आधी विचारा: 'विमान वर कशामुळे राहतं?' सगळे ओरडतील, इंजिन!

उडवायची कधी? दुपारी चालेल?

सकाळी सातच्या आत किंवा बंद हॉलमध्ये, पंखा आणि कूलर बंद करून. मे महिन्यात आंधीच्या दिवसांत तर नावच काढू नका. पारा ४५ ला गेला की हवा जानेवारीतल्या ५ डिग्रीच्या सकाळपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ होते, तेवढीच लिफ्ट त्याच वेगाला कमी मिळते, खऱ्या विमानांनासुद्धा उन्हाळ्यात धावपट्टी जास्त लागते ती याचमुळे.

आणि शेजारच्या छतावर काय वाळत घातलंय ते आधी बघा. एप्रिलमध्ये आमचं एक विमान शेजारच्या काकूंच्या साबुदाण्याच्या पापड्यांवर उतरलं, ओल्या होत्या, विमान त्यातच चिकटलं. काकूंनी ते सोलून काढून परत दिलं, पंखावर पापडीचा गोल ठसा, आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी तळून पाठवते." त्या विमानाचा एक पंख जड झाला होता म्हणून ते गोल गोल फिरायला लागलं. पोरांनी लगेच ओळखलं का ते.

किती वर्षांपासून?

पाच-सहा वर्षांची पोरं घडी घालतात आणि फेकतात, त्यांना बलं-बिलं सांगू नका. आठ ते अकरा हे खरं वय. बाराच्या पुढे टेप, स्टॉपवॉच आणि ग्राफ.

स्पर्धा ठेवू का?

ठेवा, पण फक्त लांबीची नको, नाहीतर दंडात ताकद असलेला मोठा पोरगाच जिंकतो. हळू सोडून उंचीच्या कितीपट गेलं, हवेत किती सेकंद राहिलं, जमिनीवरच्या खडूच्या गोलात उतरलं का, अशा तीन-चार ठेवा. त्या त्या वेळचे रेकॉर्ड सांगायला विसरू नका: डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत तीन इंजिनिअरांचं कागदी विमान ८८.३१८ मीटर गेलं, आणि जपानच्या ताकुओ तोदांचं २०१० मध्ये २९.२ सेकंद हवेत राहिलं. राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं, म्हणजे साडेछत्तीस मीटर. आमच्या छताची लांबी ११ मीटर, त्यामुळे आमचे रेकॉर्ड शेजाऱ्यांकडे असतात.

शाळेत हा तास घेता येईल का?

येईल, मी घेतलाय. एका शाळेत मला 'आवाज फार होतो' म्हणून दुसऱ्यांदा बोलावलं नाही, आवाज झाला होता हे कबूल. व्हरांड्यात घ्या, वर्गात नको, बेंच मध्ये येतात. चाळीस पोरं असतील तर चार-चारचे गट करा: एक फेकणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा, एक नुसता बाजूनं बघणारा. तो बघणारा सगळ्यात महत्त्वाचा, उतार त्यालाच दिसतो.

पोरगं कंटाळलं आणि म्हणालं मला आता हे नको, तर?

तर नको. विमान कपाटावर ठेवा. पुढचं मिराज गेलं की बघू.